ॲलिस लहानपणी वारली

— नको, त्या खुर्चीवर नको, ती विभाची आहे. म्हणजे बस, बस, तिची असली म्हणून काय झालं, ती एकपर्यंत काही येत नाही. विभावरी, माझी बायको. शनिवारी दुबईत ऊद मेथाला जाते, मुलांना मराठी शिकवायला. ही म्हणते, "हे झाड आहे." मुलं म्हणतात, "येस मिस, इट्स अ ट्री." पाच वर्षं चाललंय हे. आणि तू दारात उभं राहून म्हणालीस, "गुणवंतमामा, ओळखलंत का? मी एमान. शैलाची मुलगी." जन्म अबुधाबीचा, शिक्षण कॅनडाचं, आणि 'ओळखलंत'मधला ळ अगदी सातारचा. शिकवलंन् तर मग तिने. मी काही दचकलो वगैरे नाही हं. तुला वाटलं असेल, दार धरून उभा राहिला म्हणजे दचकला. ते गुडघ्यामुळे. सरबत घेतेस ना? घेतलंस, हां, हातातच आहे की ग्लास. मीच दिला.

तर पत्ता ॲबीने दिला म्हणतेस. देणारच. सून आहे ना माझी, अमेरिकन सून, तिला कुठे कोणी नातेवाईक शिल्लक राहिलेला दिसला की रात्रीची झोप येत नाही. घराण्याचाच गुण आहे तो. त्यांचं घराणं तुला माहीत नसेल — थांब, सांगतो. तुझ्या आईचं बोलू की आपण, बोलूच, घाई काय आहे? चाळीस वर्षं थांबलंय ते अजून दहा मिनिटं थांबेल. आधी हे ऐक, गंमत आहे.

सिद्धांतने, माझ्या मुलाने, लग्न ठरवलंन् तेव्हा तिच्या वडिलांचा पहिला व्हिडिओ कॉल आला. रसेल विटबी. वीट येईपर्यंत बोलतात, आडनाव सार्थ आहे. नमस्कार-चमत्कार नाही, हवापाणी नाही, पहिलंच वाक्य — आमचं घराणं सोळाशे पंचावन्नपासून अमेरिकेत आहे. मी म्हटलं, वा! तेव्हा आमचे शिवाजी महाराज पंचवीस वर्षांचे होते. तो म्हणाला, वंडरफुल. मी म्हटलं, आमचा मूळपुरुष त्याच्याही आधीचा, कोकणातून घाट चढून आला, आमचा छापील कुलवृत्तांत आहे, सहाशे चाळीस पानं. तो म्हणाला, वंडरफुल. यांना सगळंच वंडरफुल असतं. उद्या म्हटलं, बाबा रे, मला मूळव्याध आहे, तरी वंडरफुल. मग त्याने त्यांचं पुस्तक पाठवलं. चारशे बारा पानं — मोजली मी, आपली जास्त — चामड्याची बांधणी, वर सोनेरी जहाज. पहिल्या पानावर काय, तर एडमंड विटबी, जंटलमन, नव्या जगात आपलं भाग्य घडवायला निघाला आणि व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरला. मग तीनशे एकर जमीन. मग मुलं डेलावेअरला, नातवंडं पेनसिल्व्हेनियाला, पतवंडं ओहायोला. दर पिढीला बिऱ्हाड उचलायचं आणि पुढची नदी गाठायची. आणि प्रत्येक जण देवभीरू, प्रत्येक जण कष्टाळू. चारशे बारा पानांत एक दारुडा नाही! मी विभाला म्हटलं, एवढं स्वच्छ घराणं फक्त एका ठिकाणी असतं, छापखान्यात.

आता मी कोण? मी सत्तावीस वर्षं एचआरमध्ये काढली. त्यातली पहिली चौदा अबुधाबीजवळ मुसफ्फाला, फॅब्रिकेशनच्या कंपनीत. बाराशे माणसांचे करार माझ्या हातून गेले. कोण सुतार म्हणून येतो आणि त्याला रंधा धरता येत नाही, कोण पदवीधर म्हणून येतो आणि सही करताना जीभ बाहेर काढतो, हे मला कागद बघून कळतं. 'जंटलमन' वाचलं आणि माझ्या नाकाला वास आला. वर मोडी येते मला. कुलवृत्तांताच्या समितीत होतो ना, शिकलो. मोडी वाचणाऱ्याला त्या इंग्रजांची वळणावळणाची अक्षरं म्हणजे काय, शाळेचा फळा! आणि त्यांचं सगळं कंप्युटरवर ठेवलेलं आहे, बंदरांची रजिस्टरं, कोर्टाच्या वह्या, जमिनीचे कागद. आपल्याकडे सात-बारा काढायला तीन खेपा लागतात, आणि इथे शारजात खालिद लगूनकडे बघत, चौदाव्या मजल्यावर, मी साडेतीनशे वर्षांपूर्वीचा कागद वाचतोय. चार महिने वाचले. विभा म्हणायची, व्याह्यांची एवढी आपुलकी? मी म्हटलं, मग! एकच तर व्याही आहे.

सापडला. ब्रिस्टल बंदराच्या वहीत. एडमंड विटबी, वय एकोणीस, सात वर्षांचा करार. जहाजाचं भाडं मालकाचं. खाणं, कपडा, झोपायची जागा मालकाची. काम तंबाखूच्या शेतावर. मालकाला विचारल्याशिवाय लग्न करायचं नाही, मालकाला विचारल्याशिवाय शेत सोडायचं नाही. अगं, मी हसत सुटलो. हे तर आमचं मुसफ्फाचं लेबर कँप! नुसती बस नव्हती दाराशी. आणि पुढे ऐक, पळाला. जंटलमन पळाला! तिसऱ्या वर्षी दोन महिने गायब, मग धरून आणला, कोर्टाने मुदत वाढवली. माझ्या हाताखालून चौघे पळाले होते, मला तो कागद न वाचता पाठ म्हणता आला असता. म्हटलं, आता बघतो रसेलकडे.

पण खरी गंमत ती नाही. खरी गंमत पुढे आहे. त्या पुस्तकात त्यांच्या जुन्या बायबलच्या पानाचा फोटो आहे. त्यात कोणीतरी घरातल्यांची नावं लिहून ठेवलीयत. एडमंडची सात मुलं. सहांच्या पुढे जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू, सगळं तारीखवार, एकाच्या पुढे तर मरण्याची वेळसुद्धा, सकाळी नऊ. आणि दुसऱ्या मुलीपुढे एवढंच — 'ॲलिस, लहानपणी वारली.' बास. तारीख नाही. वय नाही. मी ते बघितलं आणि म्हटलं, ही मेलेली नाही. कसं म्हणून काय विचारतेस? दिसतं ना! ज्या घरात म्हातारा किती वाजता गेला ते लिहून ठेवतात, त्या घरात पोरगी मेली तर तारीख लिहीत नाहीत? चर्चच्या वहीत तिचा बाप्तिस्मा आहे, दफन नाही. बापाचं मृत्युपत्र आहे, सगळ्यांना काही ना काही, एका जावयाला तर घोड्याचं खोगीर, ॲलिसचा उल्लेख नाही. लहानपणी वारली म्हणजे तेवढ्यात भागतं बघ. कोणी पुढे विचारत नाही. कशाने गेली, विचारत नाही. उलट लोक च् च् करतात आणि विषय बदलतात. सगळ्यात सोपं मरण ते.

आणि अशी मुलगी शोधायची तर तिच्या आडनावाने शोधायची नसते. घरच्यांनी ते काढून घेतलेलं असतं. शेजारच्या गावात बघायचं, नवऱ्याच्या नावाने, आणि असा नवरा बघायचा की जो घरात चालला नसता. तीन आठवड्यांत मिळाली. जमिनीचा कागद. जॉर्ज नावाचा माणूस, गुलामीतून सुटलेला, काळा, शेत विकतोय, आणि सोबत बायको, ॲलिस, 'एडमंड विटबी याची मुलगी'. खाली तिची खूण, सही येत नव्हती. तेवीस वर्षांची होती. लहानपणी वारलेली पोरगी जमीन विकत होती! नंतर कायदे कडक झाले, अशा जोडप्यांना तिथे राहू देईनात, मग दोघं मुलाबाळांना आणि सहा गाईंना घेऊन उत्तरेला गेली. बापाच्या घरावरूनच रस्ता गेला असणार. दुसरा रस्ता नव्हता त्या भागात, नकाशा बघितला मी.

मग गेल्या डिसेंबरात रसेल इथे आला, लग्नानंतर आपल्या नातेवाइकांसाठी छोटं रिसेप्शन ठेवलं होतं तेव्हा. ह्याच टेबलावर जेवला. विभाने मसालेभात केला होता, त्याने तीनदा घेतला, तीनदा वंडरफुल. जेवण झालं आणि मी चौदा पानं काढली, रंगीत प्रिंट, स्पायरल बाइंडिंग, आणि ठेवली समोर. म्हटलं, रसेल, यू शुड नो युवर फॅमिली. आणि बसलो तोंड बघत. चार महिने वाट बघितली होती त्या तोंडाची! आधी करार वाचला. म्हणतो, सात वर्षं मजुरी? माझा पूर्वज? आणि टेबलावर हात मारला, व्हॉट अ टफ गाय! खूश! अगं, या लोकांचा अपमान करायचा तरी कसा? मग ॲलिसचं पान वाचलंन्. चष्मा काढला. मला वाटलं, आता लागलं बरोबर. तर हा सहा फुटी माणूस रडायला लागला. उठला, माझ्या गळ्यात पडला, म्हणाला, तू आमची ॲलिस घरी आणलीस. माझा शर्ट इथे खांद्यावर ओला. ॲबी रडतेय, तिला बघून विभा रडतेय, सिद्धांत म्हणतो, "डॅड, दॅट्स अमेझिंग." मी मधे उभा, हात कुठे ठेवावेत कळत नाही. ते आता पुस्तकाची नवी आवृत्ती काढतायत. ॲलिसच्या वंशजांना शोधतायत, त्यांना बोलावणार आहेत, उन्हाळ्यात मोठं जेवण घालणार आहेत. जेवण!

मग रसेल म्हणाला, पण गुणवंत, ती मेली नव्हती हे तुला सुचलं कसं? आमच्या चार पिढ्यांनी ते पान वाचलं, कोणाला सुचलं नाही. मी म्हटलं, एक्स्पीरियन्स. दुसरं काय सांगणार? चोराची पावलं चोराला ठाऊक — म्हणजे म्हण आहे गं ती, म्हण. तू अशी बघू नकोस माझ्याकडे. तिच्यासारखी बघतेस अगदी, भुवई उचलून.

पुढचं तुला माहीतच आहे. ॲबीने तिथल्या तिथे जाहीर केलं, पापा, नाऊ अवर साइड! सिद्धांतला डीएनए तपासणीच्या नळीत थुंकायला लावलं. नळी गेली. मार्चमध्ये सिद्धांतचा फोन, "डॅड, हू इज एमान? इट सेज फर्स्ट कझिन." मी म्हटलं, लॅबची चूक असेल. पोराने ऐकलं, बापाचं ऐकायची सवय आहे त्याला. पण बायको ऐकेल तर ना! ॲबी तिला मेसेज करतेय, म्हणाला. झालं. खलास. तू कशाला थुंकलीस पण त्या नळीत? मैत्रिणीने वाढदिवसाला दिली होती? काय एकेक भेटी देतात लोक!

ए, ते काढू नकोस. जड आहे ते. वरच्या फळीवरचं कशाला — बरं, काढलंस. हाच कुलवृत्तांत. धूळ असेल त्याच्यावर. नाही? विभा पुसत असेल. पान शोधत बसू नकोस, अनुक्रमणिका मागे आहे, पण काही विशेष नाही गं त्यात, नुसती नावं... तीनशे अठरा. तुला पान पाठ आहे? मग वाच की. मोठ्याने नको. मला माहितीये काय लिहिलंय. 'शैलजा, जन्म शके अठराशे ऐंशी, बालपणी मृत्यू.'

छापखान्याची चूक. त्यांच्या चुका फार असायच्या, एका ठिकाणी तर — नाही. छापखान्याची नाही. मुद्रितं मी तपासली. तीनदा. आमच्या आजोबांच्या नावातल्या एका वेलांटीसाठी समितीच्या पुण्यातल्या मंडळींशी फोनवर पाऊण तास भांडलो मी. चूक कशी राहील?

आता तू विचारशील, का? विचार की. नाही विचारत? मग मीच सांगतो. आमचे वडील, तुझे आजोबा, चौऱ्याऐंशी साली म्हणाले, ती आम्हाला मेली. लोक म्हणतात असं रागात. पोरगी रजिस्टर लग्न करते, तेही चिपळूणच्या मुझम्मिलशी, म्हणजे सातारभर तोंड लपवायची वेळ, असं त्यांचं म्हणणं. तर ते वाक्य घरात राहिलं. ब्याण्णवला माझं ठरत होतं, विभाच्या वडिलांनी विचारलं, भावंडं किती? मी म्हटलं, बहीण होती, लहानपणी गेली. एक वाक्य गं! चहाचा कप हातात होता. मुलगी आवडली होती मला. त्यांनी च् च् केलं आणि विषय बदलला. सांगितलं ना तुला, सगळ्यात सोपं मरण. पुढे दहा साली कुलवृत्तांताचा फॉर्म आला, सर्व अपत्यांची माहिती भरा. विभाचं अक्षर चांगलं म्हणून ती लिहीत होती, मी सांगत होतो. मी शैलाचं नाव घेतलंच नव्हतं. घेणारही नव्हतो, शपथेवर सांगतो. तर विभाच म्हणाली, "अहो, तुमच्या त्या लहानपणी गेलेल्या बहिणीचंही घालूया ना. बिचारी. तिची आठवण कोण ठेवणार?" काय म्हणू मी? घालू नको म्हणू? डोळे भरून आले होते तिचे, माझ्या मेलेल्या बहिणीसाठी. मी म्हटलं, घाल.

आणि मग पन्नास प्रती मागवल्या मी. हौस! साडेसहाशे दिरहम नुसतं कुरिअर, म्हणजे तेव्हाचे आठ हजार रुपये. दुबई, शारजा, अबुधाबी, जिथे जिथे मराठी मंडळींची पुस्तकं ठेवतात तिथे दोन दोन प्रती सप्रेम भेट. आत माझी सही — काय? वाचलं तिने? अबुधाबीला? कधी? ...अकरा साली. म्हणजे तेरा-चौदा वर्षं... मग? चिडली का? हसली? खोटं सांगतेस. काय म्हणाली? 'शके बरोबर घातलाय, नाहीतर त्याचं गणित कच्चं.' हो, ती असंच म्हणेल. माझं गणित तिनेच घेतलं होतं, दहावीपर्यंत, पट्टी घेऊन. आणि मुझम्मिल? फोन लावायला निघाले होते. तिने हातातून काढून घेतला. बरं केलंन्. नाही, बरं नाही केलंन्. मला माहीत नाही. ते गेल्याचं कळलं मला, दोन वर्षांपूर्वी. कसं कळलं ते नको विचारूस. बघत असतो मी. फेसबुकवर माणूस काय, काहीही बघतो.

ती जिवंत आहे आणि तिथेच आहे हे मला आधीपासून ठाऊक होतं. तो फॉर्म भरला त्याच्या दोन वर्षं आधी. ते तिने सांगितलं असेल तुला. नाही सांगितलं? मग मी कशाला... जाऊ दे, निघालं तोंडातून तर ऐक. आठ साली, अबुधाबीला, सुपरमार्केटमध्ये. तेव्हा राहायला आम्ही मुसफ्फाच्या जवळच होतो. एक बाई अळूची पानं निवडत होती. जून पान आलं की देठ मोडून बघायची आणि बाजूला ठेवायची, दुकानदाराच्या देखत. अशी पानं आमच्या घरातच निवडतात. मी थबकलो. तिने वर बघितलं. चोवीस वर्षांनी, केस पांढरे, आणि म्हणाली, "गुणा?" एवढंच. मी काय केलं? ट्रॉली तिथेच सोडली. विभाची सगळी यादी होती तिच्यात, डाळ, तेल, साबण. ती सोडून बाहेर पडलो आणि गाडीत बसलो. दुसऱ्या दिवशी शारजाच्या ब्रँचला बदली मागितली. विभाला म्हटलं, प्रमोशन आहे. कसलं प्रमोशन, पगार कमी झाला! माणसं नोकरीसाठी देश सोडतात, पोटासाठी समुद्र ओलांडतात. मी अळूच्या पानांना घाबरून दोन एमिरेट्स ओलांडली. हे घाल म्हणावं कुलवृत्तांतात, स्थलांतर या सदराखाली.

तू काही बोलत का नाहीस? तिच्यासारखीच. ती अशीच गप्प बसायची आणि मीच आपला सगळं ओकून मोकळा व्हायचो, गोट्या कोणाच्या चोरल्या, वर्गात काय झालं. बोल काहीतरी. ...गुरुवारी? या गुरुवारी? कायमची? कॅनडाला तुझ्याकडे. हो, बरोबर आहे, शाळेतून रिटायर झाली म्हणजे व्हिसा संपणार, एकटी कशी राहील. घर आवरलं? पुस्तकं आहेत का तिची अजून? देऊन टाकली. हं. टोरंटोला थंडी फार म्हणतात. तिला थंडी सोसत नाही, बोटं सुजतात, सांगून ठेवतो.

तुला एक सांगू? कोणाला सांगितलं नाही, विभाला तर नाहीच. लग्नाच्या दिवशी साक्षीदार म्हणून मी जाणार होतो. कबूल केलं होतं तिला. दोन साक्षीदार तुझ्या वडिलांकडचे होते, एक तिचा हवा होता. तिने मला नवा शर्ट शिवला होता, निळा, स्वतःच्या पगारातून. मी तो घालून गेलो. रजिस्ट्रारच्या ऑफिससमोरच्या सायकलच्या दुकानापर्यंत गेलो. ती पायरीवर उभी होती, घड्याळ बघत होती, रस्त्याच्या त्या बाजूला. केवढा रस्ता? इथून त्या खिडकीपर्यंत. बावीस वर्षांचा घोडा होतो मी. अकरापासून साडेबारापर्यंत ती उभी होती आणि मी एका सायकलचं पंक्चर काढताना बघत होतो. मग आतून कोणीतरी बोलावलं तिला, रस्त्यावरच्या कुठल्यातरी माणसाला साक्षीला घेतलं. मी घरी आलो आणि शर्ट... जाऊ दे. ती म्हणाली का कधी काही, त्या दिवसाबद्दल? काय? 'त्याला बरं नसेल.' चाळीस वर्षं हेच सांगतेय? बरं नसेल म्हणून?

थांब जरा. गुडघा नाही, नुसतं थांब.

हां. तर आता तू काय ठरवून आलीस? पत्र आहे का तिचं? निरोप? काही नाही? नुसतं बघायला आलीस, मामा कसा दिसतो ते? बघ, असा दिसतो. ...काय म्हणालीस? कुठे आहे? खाली? लॉबीत? तू येऊन पाऊण तास झाला, मी इथे सोळाव्या शतकातले की सतराव्या शतकातले मजूर मोजतोय आणि ती खाली — वर येणार नाही म्हणाली. बरोबर आहे. मी बोलावल्याशिवाय येणार नाही. नाही, बघ एमान, आज नाही. एकला विभा येते. तिला काय सांगू? तेहेतीस वर्षांचा संसार आहे, एका वाक्याने... तू असं कर. तू खाली जा. सांग, घरी नव्हता. वॉचमन अलीमियाँ विचारेल, त्यालाही सांग, साहेब घरी नाहीत. मी गुरुवारच्या आधी येईन अबुधाबीला. नक्की येईन. इन्शाल्ला. तू हसलीस का? इन्शाल्ला म्हटलं म्हणून हसलीस ना? समजलो. या देशात या शब्दाचा अर्थ 'नाही' असाच होतो, ते मलाही कळतं. चल, ऊठ, यल्ला, पर्स घे तुझी —

थांब, फोन. विभाचा. गप्प राहा. हां, बोल विभा. ...आज लवकर सुटलात? बरं. मग ये की वर. ...कोण? कुठल्या बाई? ...सातारच्या. अगं, सातारच्या असतील, शंभर माणसं असतात सातारची. तुला काय गरज होती विचारायची? ...हो, मान्य, लॉबीतला एसी बंद आहे. वय झालंय, घामाघूम झाल्या, मान्य. पण अनोळखी माणसाला एकदम वर... सरबत अलीमियाँ देईल ना! ...काय म्हणाल्या? येते म्हणाल्या? स्वतः म्हणाल्या? ...नाव? नाव विचारलंस का? नुसतं ताई म्हणा म्हणाल्या. ...विभा, ऐक, जरा तिथेच थांब, मी खाली — हॅलो? हॅलो?

लिफ्टमध्ये शिरल्या.

चौदा मजले. मधे कोणी चढलं तर पाच मिनिटं, नाहीतर दीड. तू बस. उभी का आहेस? बस म्हटलं ना, तिथेच, विभाच्या खुर्चीत. आणि एक शब्द बोलू नकोस. अजून एक मार्ग आहे बघ, तू ॲबीची मैत्रीण, ती तुझी आई, पत्ता विचारत आलात. विभा विश्वास ठेवेल. ती माझ्यावर ठेवतेच विश्वास, तोच तर घोळ आहे. आणि तुझी आई गप्प बसेल. मला खात्री आहे, माझ्यासाठी गप्प बसेल, सरबत पिईल, छान घर आहे म्हणेल, आणि गुरुवारी विमानात बसेल. असंच करेल ती. नाही?

विभाकडे किल्ली आहे. नको, तू नको उठू. मी उघडतो.

...विभा, पिशव्या ठेव खाली. ठेव. नको, ओळख तू नको करून देऊस. ही शैला. माझी थोरली बहीण. ...हो. तीच. ...नाही गं. ती गेली नव्हती. मी तुला खोटं सांगितलं होतं.